मूळ फाइल

घरात भाऊ दोघेच, म्हणून एक थोरला आणि एक धाकटा. आपली गोष्ट धाकट्याची. चाळिशी ओलांडली, थोरला जाऊन चार वर्षं झाली, तरी हा आपला धाकटाच. खरं नाव शेजाऱ्यांनासुद्धा पटकन आठवायचं नाही.

हा आधी एका फोटो स्टुडिओत बसायचा. काम काय, तर लोकांच्या गालांवरचे फोड पुसायचे, सावळ्याला गोरं करायचं, आणि लग्नाच्या फोटोतून भांडलेल्या मेहुण्याला अलगद उचलून बाहेर ठेवायचं. बारा वर्षं त्याने लोकांना गुळगुळीत केलं आणि मग त्याचाच त्याला वीट आला. एकदा एका म्हातारीचा फोटो चुकून पुन्हा पुन्हा सेव्ह होत राहिला. कॉम्प्युटरची तऱ्हा अशी, की काही चित्रं दर वेळी सेव्ह करताना जराशी झिजतात. एकदोनदा कळत नाही. हजार वेळा केलं की चेहऱ्याचे चौकोन पडतात, रंग ओघळतात, डोळे तेवढे उरतात. धाकट्याने ते पडद्यावर पाहिलं आणि आठवड्याभरात नोकरी सोडली. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय.

पण त्याच झिजवण्यावर त्याचं नाव झालं. नाव म्हणजे काय, टोपणनावच. मित्र त्याला घाशा म्हणत. मोठमोठ्या कलादालनांत त्याची चित्रं भिंतीएवढ्या पडद्यांवर लागू लागली. त्याचे नियम दोनच. मूळ फाइलला हात लावायचा नाही, नक्कल काढून ती झिजवायची. आणि मधल्या पायऱ्या ठेवायच्या नाहीत. आधी आणि नंतर दाखवायचं तर साबणाची जाहिरात करावी, असं तो म्हणायचा.

थोरल्याचा एक व्हिडिओ होता, नऊ सेकंदांचा, आवाज नसलेला. वहिनी फोटो काढायला गेली आणि चुकून व्हिडिओ सुरू झाला. थोरला आपला ताठ उभा, तोंड मिटून. मग त्याच्या लक्षात येतं आणि तो खदाखदा हसतो. त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, त्याची त्याला लाज, त्यामुळे झाडून सगळ्या फोटोंत त्याचं तोंड बंद. उघड्या तोंडाचा थोरला जगात फक्त त्या नऊ सेकंदांत होता. फोन कुरकुरायला लागला तेव्हा वहिनीने तो व्हिडिओ धाकट्याकडे दिला आणि निर्धास्त झाली. पुढे फोन बंद पडला, तर तिने तो दुरुस्तही केला नाही. भावजींकडे आहे ना, मग झालं.

दालनवाल्या बाईने नवीन काम मागितलं, तेव्हा धाकट्याने वहिनीला विचारलं. ती म्हणाली, करा, मूळ तेवढं नीट ठेवा.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. यादीत एक ‘मूळ’ आणि तिच्याखाली ‘मूळ नक्कल’. घाई होती, बोट एक ओळ वर पडलं. मशीन लावून हा दाढी करायला गेला, जेवला, आणि तेवढ्यात मशीनने मूळ फाइल चार हजार वेळा घासून ठेवली. जपणुकीची दुसरी डिस्क होती, तिनेही इमानेइतबारे जुनं काढून नवं भरलं. धाकट्याला कळलं तेव्हा त्याने दोन्हीकडे उघडून पाहिलं, तर दोन्हीकडे ओघळलेले रंगच. दहा हजार वेळा केलेलं काम, आणि चूक करायला हीच फाइल सापडली होती का या शहाण्याला?

प्रदर्शन गाजलं. वहिनी मुलीला घेऊन आली, त्या ओघळलेल्या रंगांसमोर बराच वेळ उभी राहिली. छान झालंय म्हणाली. मग म्हणाली, आता मूळ माझ्या नव्या फोनमध्ये घालून द्या, पोरीला बाप हसताना आठवत नाही.

देतो, असं तो म्हणाला. सांगायची वेळ तीच होती, आणि त्याने ती घालवली.

मग जे काम सोडून तो पळाला होता तेच करायला बसला. उरलेल्या रंगांवरून आणि जुन्या फोटोंवरून त्याने भावाचा चेहरा पुन्हा उभा केला. नाक जमलं, भुवया जमल्या. दात मशीनने सरळ दिले, एका रांगेत, नटासारखे. तो चढलेला दात आता हाताने बसवायचा होता. डावीकडे की उजवीकडे? वीस वर्षं दोघं एका खोलीत झोपले, एका ताटात जेवले, आणि याला बाजू आठवेना. डोळे मिटून पाहिलं, आरशासमोर पाहिलं. कुणाला विचारावं तर बिंग फुटणार. शेवटी त्याने डावीकडे बसवला.

वहिनीने व्हिडिओ पाहिला आणि डोळ्यांना पदर लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाला बजावलं. पण मन कसलं ऐकतंय? जेवण जाईना. काम उघडलं की पडद्यावर दातच दिसायचे. दोन महिने त्याने काढले आणि एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. मुलगी शाळेत गेली होती. त्याने सगळं सांगितलं, दाढीसकट.

वहिनी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं,” ती म्हणाली. “वाटलं, यांचं हसणं असं नव्हतं. दात त्या बाजूला नव्हता.”

“मग बोलला का नाहीत?”

“पोरगी खूश होती. रोज लावायची, मीही बघायचे.” तिने हात पुसले. “आता मला हेच आठवतं, भावजी. आधीचं आणायला जाते, तर हेच येतं.”

धाकटा मान खाली घालून उभा राहिला. माफ करा, म्हणाला. ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता.

“तुम्ही तर सख्खे भाऊ,” ती म्हणाली. “उजवीकडेच होता ना?”