चँडलरमधलं केळवण

अमेरिकेतल्या आमच्या चँडलरच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधल्या मराठी बायकांना बालविवाहाचा भयंकर राग होता. मलाही होता, अजून आहे. फरक एवढाच की त्यांचा राग मराठवाड्याची हद्द ओलांडत नसे.

२००६ सालची गोष्ट. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी आम्ही कुणाच्या तरी घरी जमायचो. तिकडे भारतात रविवारची सकाळ झालेली असायची. स्पीकरफोन मध्ये ठेवायचा आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्यात काम करणाऱ्या ताईंशी बोलायचं. आईबाप ऊसतोडीला निघाले की मुलीला मागे कुठे ठेवायचं म्हणून तिचं लग्न उरकून टाकतात. अशा मुलींसाठी ताईंनी वसतिगृह काढलं होतं आणि आम्ही त्याला हातभार लावत होतो. कुठे लग्न ठरल्याची कुणकुण लागली की ताई गावातल्या बायका गोळा करून त्या घरी जाऊन बसत. "एकटीनं जायचं नाही," त्या सांगायच्या. "एकीला दारातून परत पाठवता येतं. दहाजणींना बसा म्हणावंच लागतं." हे ऐकून आमचे डोळे भरून यायचे. मग बटाटेवडे खायचे.

फोन चालू असताना आतल्या खोलीत मुलांना सांभाळायला एक मुलगी यायची. शेजारच्या बिल्डिंगमधली, अमेरिकन, सोळा वर्षांची. थालीपीठ मिटक्या मारत खायची, आमच्या पोरांना अपूर्णांक शिकवायची, आणि आपण जनावरांची डॉक्टर होणार असं सांगायची. त्या सप्टेंबरात ती बोटात अंगठी घालून आली. नवरा मुलगा म्हणजे तिची आई काम करायची त्या फर्निचरच्या दुकानाचा मॅनेजर. वय एकतीस. मी विचारलं, "आणि शाळा?" ती म्हणाली, "मॉम म्हणते, ते नंतर बघू." आणि माझ्या मुलीच्या वहीत डोकं घालून बसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला वाटलं होतं, या देशात असलं काही चालत नसेल. एक फोन केला की कुणीतरी धावत येईल. शाळेच्या कौन्सेलरला फोन केला, मग लग्नाचे परवाने देणाऱ्या काउंटीच्या ऑफिसला. तिथली बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सोळा पूर्ण आहेत ना, मॅम? मग एका पालकाची सही पुरते." मुलीला विचारतात का, असं मी विचारलं. तीही सही करतेच की, म्हणाली. जणू मी लायब्ररीच्या कार्डाची चौकशी करत होते.

मग मी तिच्या आईकडे गेले. बाई दुष्ट नव्हती, हेच मला जास्त लागलं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, बूटही काढले नव्हते. "त्याचं स्वतःचं घर आहे," ती म्हणाली. "तिला हेल्थ इन्शुरन्स मिळेल. माझ्याकडे काय आहे द्यायला?" मी म्हटलं, शाळा संपेपर्यंत ती माझ्याकडे राहू दे, सगळं मी बघते. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" मी दारातून परत आले.

ताईंचे शब्द आठवले. एकटीनं जायचं नाही. म्हणून सगळ्यांना गाठलं. चला, आपण सगळ्या मिळून जाऊन बसू या. नाही म्हणू दे तिला आपल्या सगळ्यांच्या तोंडावर!

"अगं, त्यांच्यात चालतं," आमच्या ग्रुपमधल्या सर्वांत मोठ्या काकू म्हणाल्या. दुसरी म्हणाली, "इट्स लीगल, यार. आणि तिचा चॉइस असेल." तिसरीने खरं काय ते सांगितलं, "ग्रीन कार्डचं प्रोसेसिंग चालू आहे आमचं. उगाच कुणी कंप्लेंट केली म्हणजे?" मराठवाड्यातल्या बापाने केलं तर तो राक्षस, चँडलरमधल्या आईने केलं तर तो मुलीचा चॉइस. मी तावातावाने हे म्हणालेही. त्यावर काकूंनी माझा हात थोपटला. "एवढी माया आहे ना तिच्यावर? मग आपण तिचं छानसं केळवण करू."

आणि केलं! क्लबहाउस सजवलं, ताटाभोवती रांगोळी, पुरणपोळ्या. पोरीला माझीच मोरपंखी पैठणी नेसवली; काकूंनी ती परस्पर माझ्या नवऱ्याकडून मागून आणली होती. तिची आई कौतुकाने फोटो काढत होती. मी पाणी द्यायच्या निमित्ताने ओट्यापाशी उभी राहून धुसफुसत होते. तेवढ्यात निऱ्या सावरत ती मुलगी माझ्याजवळ आली.

"तुम्ही त्या मुलींच्या घरी सगळ्या मिळून जाता ना?" तिने हळूच विचारलं. "मुलांनी मला सांगितलंय. फोनवरची बाई सांगते ते."

मी मान डोलावली.

"त्यासाठी इंडियातलीच मुलगी लागते का?"

मी तिचा हात धरून तिला सगळ्यांमध्ये आणलं आणि तिचा प्रश्न मराठीत, मोठ्याने, एकही शब्द न बदलता सांगितला. कुणी ताटांकडे बघितलं, कुणी माझ्याकडे रागाने. तिची आई हसून विचारत होती, काय म्हणतेय ही? कुणीही तिला सांगितलं नाही. मीच इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी निरांजन उचललं.

"चला, ओवाळून घ्या," त्या म्हणाल्या. "पोळ्या गार होताहेत."

एकेक करून सगळ्यांनी तिला ओवाळलं. पुढच्या शुक्रवारी आईने सही केली.