आत्याबाईंचं देणं

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ तर विचारूच नका. चौथीत शाळा सुटली. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर सांभाळून घ्यावं. दाखवायला लिहीत नाही, पण त्या दिवसांतला वैताग अजून पोटात आहे, तो कुठेतरी काढायला हवा.

हे हवाई दलात होते. क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून चंदीगडच्या एका सेक्टरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्या उपचारासाठी साताऱ्याकडून आमच्याकडे आल्या होत्या. पोटाचा कॅन्सर. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, दुखलं की ही गोळी द्या, झोप येईल, येऊ द्या.

त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांना रक्ताची उलटी झाली होती. हे ड्युटीवर बाहेरगावी. कर्फ्यू नुकता उठलेला, टॅक्सीवाले यायला तयार नव्हते. खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या सरदारणी राहायच्या, सगळे त्यांना बीजी म्हणायचे. त्या स्वतः चौकात जाऊन टॅक्सी घेऊन आल्या आणि इंजेक्शनंही त्यांनीच आणली. दोनशे चाळीस रुपये त्यांचे गेले.

हे परत आले, पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तुम्ही बायका मिटवा."

मी खाली गेले. बीजी कणीक मळत होत्या. "छड्ड पुत्तर, माँजी के पैसे लूँगी मैं? बैठ, चाय पी." मला मोठ्याने बोलता येत नाही, हिंदी तर त्याहून नाही. चहा प्यायले आणि पैसे घेऊन वर आले.

आत्याबाईंनी त्या दिवसापासून गोळी बंद केली. म्हणाल्या, "त्या गोळीने झोप लागली आणि उठलेच नाही तर? लोकाचं देणं डोक्यावर घेऊन मी जायची नाही." गोळी गालात धरून ठेवायच्या आणि मी पाठ फिरवली की उशीखाली थुंकायच्या. दुखायला लागलं की पलंगाची पट्टी धरून कण्हायच्या आणि वर मलाच बोलायच्या, चादर नीट घातली नाही, पाणी फार गरम आणलं. दिवसातून चार वेळा त्यांना पुसून स्वच्छ करत होते मी. पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. त्यांना कुशीवर वळवलं की दुखायचं, आणि दुखलं की मी वाईट.

चार दिवसांनी बीजी अंगणात असताना मी त्यांच्या पिठाच्या डब्याखाली नोटा ठेवल्या आणि जिना चढून पळाले. "दिले," म्हणून सांगितलं. आत्याबाईंना बरं वाटलं. संध्याकाळी गोळी घेईन म्हणाल्या.

संध्याकाळी बीजी भेटायला आल्या. आत्याबाईंचे पाय चेपले, देवाचं नाव घेतलं आणि उठताना त्यांच्या मुठीत नोटा कोंबल्या. त्यांच्यात आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. आत्याबाईंनी मोजल्या. दोनशे पन्नास.

"तुला पैसे द्यायला पाठवलं होतं का आणायला?" त्या मला म्हणाल्या. "आता दहा वाढले." गोळी भिंतीवर फेकली.

सकाळी मी खाली गेले आणि दारातूनच बोलले. इतका मोठा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. "आप पैसे लेते नहीं, वो गोळी खाती नहीं. रात दिन रडती है. मैं बीच में मरूँ क्या?"

बीजी लाटणं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "दवा नहीं खाती? इस वास्ते?"

"इसीके वास्ते."

"तो पहले बोलती ना, कमली." कमली म्हणजे त्यांच्यात वेडी.

कधी बोलणार होते? त्या मला बोलू देतील तेव्हा ना.

त्या हात धुऊन माझ्यामागे वर आल्या. पलंगासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि हात पुढे केला. आत्याबाईंनी नोटा दिल्या. बीजींनी बोट जिभेला लावून एकेक नोट मोजली, मग परत पहिल्यापासून मोजली. तोंडावर हसू नाही, दुकानदार बसतो तशा बसल्या होत्या.

"ढाई सौ पूरे. हिसाब बराबर, माँजी."

"त्यांना विचार, आणखी काही निघत नाही ना?" आत्याबाई मला म्हणाल्या. मी विचारलं. बीजींनी मान हलवली. नोटा ओढणीच्या टोकाला बांधल्या, आत्याबाईंच्या कपाळावरून हात फिरवला, आणि सवयीने त्यांचा हात पुन्हा त्या गाठीकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. धरूनच जिन्यापर्यंत नेलं.

खालचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत आत्याबाई कान देऊन होत्या. मग म्हणाल्या, "फिटलं बाई. आण ती गोळी."