चंद्रकोरीचा दोर

दोरीकाकांचं खरं नाव मंडळात फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि त्या नावाने कोणी हाक मारली तर काका ओ द्यायचेच नाहीत. दिवसा ते पुस्तकं बांधायचे. अरुंद दुकान, खळीचा आंबूस वास, दाभण, मेणदोरा आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचं जुनं यंत्र. संध्याकाळी मंडळाच्या नाट्यगृहात रंगमंचाच्या बाजूची शिडी चढून ते माळ्यावर जायचे आणि दोर हातात घ्यायचे. मंडळाचा हंगाम तीन खेळांचा असे: आधी नाटक, मग नृत्य, शेवटी संगीतिका. नाटकात पडदा वर, पडदा खाली, एवढंच काम. "नाटकात मला डुलकी लागली तरी चालतं," ते म्हणायचे, "तोवर प्रेक्षकांनाही लागलेली असते." नृत्यात मागचे रंगवलेले पडदे भराभर बदलायचे. पण काकांचा जीव संगीतिकेत, कारण तिथे माणूस उचलायचा असे.

माळ्यावर दिवा लावता येत नसे, उजेड खाली रंगमंचावर सांडला असता; आणि मधल्या पडद्यांमुळे तिथून खालचं काही दिसतही नसे. म्हणून काकांनी स्वतःची एक रीत काढली होती. दोरावर ठरावीक जागी मेणदोऱ्याच्या गाठी बांधायच्या. बारीक गाठ हाताखालून गेली, की वरून सोडलेली वस्तू प्रेक्षकांना दिसू लागली असं समजायचं. जाड गाठ आली की वेग कमी करायचा. जोडगाठ लागली की थांबायचं, कारण जमीन आता वीतभरच राहिलेली असते. दोर लाकडी खुंटीला वेढा देऊन सोडायचा आणि डोळे खुशाल मिटून घ्यायचे. डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत, हे त्यांचं लाडकं वाक्य. इतकी वर्षं ते खरंही होतं.

यंदाच्या संगीतिकेत एक मुलगी चंद्रकोरीवर बसून दोन पुरुष उंचीवरून गात गात उतरणार होती. ती मुलगी म्हणजे काकांची एकुलती एक लेक. सकाळी बालवाडीत शिकवायची, संध्याकाळी तालमीला यायची. "माझी पोरगी आभाळातून उतरणार, आणि उतरवणार मी," हे काकांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. वही शिवून न्यायला आलेल्यालाही सोडलं नाही.

आणि नेमकी याच वर्षी बोटं मेली.

एका दुपारी पुस्तक शिवताना पानावर लाल ठिपके दिसले. कुठून आले म्हणून बघतात, तर दाभण अंगठ्यात शिरलेलं. दुखलं मात्र काहीच नव्हतं. त्यांनी गरम खळीच्या भांड्याला बोटं टेकवून पाहिली. चटका बसला नाही, संध्याकाळी फोड तेवढे आले. बायकोने विचारलं तर म्हणाले, खळी सांडली. डॉक्टरकडे ते गेले नाहीत. डॉक्टर दुखण्याला नाव देतो आणि नाव दिलं की ते गावभर होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मुठीत काय आहे ते त्यांना तरी कुठे कळत होतं!

तालमीच्या पहिल्या दिवशी चंद्रकोरीवर मुलीऐवजी वाळूचं पोतं ठेवलं होतं. काकांनी डोळे मिटले, दोर सोडू लागले. बारीक गाठीची वाट पाहिली, जाड गाठीची वाट पाहिली. मग खालून धाडकन आवाज आला. पोतं फुटून वाळू पसरली होती, बसायच्या फळीचे दोन तुकडे झाले होते. तिन्ही गाठी त्यांच्या हाताखालून निघून गेल्या होत्या. एकही त्यांना लागली नव्हती.

"खुंटी गुळगुळीत झालीय," काका वरून ओरडले. "सुताराला म्हणावं, काम नीट कर!"

नाचता येईना अंगण वाकडं. सुतार बिचाऱ्याने नवी खुंटी बसवली, नवी फळी ठोकली. काका शिडीवरून उतरले. मुलगी वाळूच्या ढिगाकडे बघत उभी होती. मोडलेल्या फळीच्या जागी त्यांना तिची पाठ दिसत होती, आणि नजर वळवली तरी दिसायची थांबेना.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण त्यांनी दुसरी युक्ती काढली. गाठींचा नाद सोडला आणि गाण्यावर दोर सोडू लागले. धृपदाला चंद्र दिसायचा, दुसऱ्या कडव्याला निम्म्यावर यायचा, शेवटच्या ओळीला टेकायचा. मुलगी चंद्रकोरीवर बसली, वर गेली, नीट उतरली. पुन्हा गेली, पुन्हा उतरली. सगळे म्हणाले, वा! काका घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडायचे. डोळा लागला की कानात तो धाडकन आवाज व्हायचा.

प्रयोग दुपारचा होता. पहिल्या घंटेच्या आधी संगीतिका बसवणाऱ्या बाई माळ्याच्या शिडीखाली आल्या. दागिने, टाचण्या, पेटीची किल्ली, सगळं पदरात गोळा केलेलं.

"काका, आज सभागृह गच्च भरलंय. चंद्राच्या गाण्याला वन्स मोअर येणारच. आला तर ती मध्येच थांबून मागचं कडवं पुन्हा घेईल, जमलं तर चांगली लांब तान मारेल. तुम्ही आपले गाठींवर असताच, तुम्हाला काय!"

"मला काय," काका म्हणाले.

बाई गेल्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. गाणं थांबणार, मागे जाणार, लांबणार, आणि अंधारात त्यांच्या हातात राहणार नुसता मुका दोर. त्यांनी तो चाचपला. पुन्हा चाचपला. गाठ कुठे होती? दातांनी शोधली तेव्हा सापडली. दातात दोर धरून, घामाने चिंब होऊन ते तसेच बसून राहिले. खाली पहिली घंटा झाली.

ते शिडी उतरले आणि रंगपटात शिरले. मुलगी आरशासमोर बसली होती, चेहऱ्याला चंदेरी रंग.

"माझ्या बोटांना काही कळत नाही," ते म्हणाले. "कधीपासून कळत नाही. तू बसू नकोस त्याच्यावर."

बाईंनी डोक्याला हात लावला. एक-दोघांचे चेहरे पडले, कारण भिंतीवरच्या प्रत्येक जाहिरातीत ती चंद्रकोरच छापली होती. मुलीने रंगाचा ब्रश खाली ठेवला. "बाई, मी जमिनीवरूनच येते. चंद्र मागे नुसता टांगून ठेवा." काका दारातल्या सुतारापाशी गेले. "तुझी खुंटी चांगली होती रे," एवढंच म्हणाले. सुताराने मान हलवली आणि चंद्र बांधायला गेला.

मुलगी चालत आली, गायली. वन्स मोअर आला, तानही झाली. काका पहिल्यांदाच विंगेत उभे राहून सगळा खेळ बघत होते, हात काखेत दाबून. संपल्यावर टाळ्या पडल्या तेव्हा त्यांच्या मनात आलं, सुटलो.

घरी जाताना ऊन उतरलं होतं. मुलीच्या कानामागे अजून चंदेरी रंग होता.

"तुला आधीच कळलं होतं?" त्यांनी विचारलं. रंगपटात ती जराही दचकली नव्हती, ते त्यांना आत्ता खुपू लागलं होतं.

"पोतं पडलं त्या दिवशीच. शिडी उतरताना तुमच्या अंगठ्यात केवढं मोठं कुसळ होतं, बाबा. त्याच हाताने तुम्ही कठडा घट्ट धरला होता."

"आणि तरी बसत होतीस? रोज?"

"मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा नाट्यगृहाच्या दारात पाऊल ठेवलं नसतं. मला वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील."

काकांना पुढचं विचारायचं नव्हतं. विचारल्यावाचून राहवतही नव्हतं.

"आज मी बोललो नसतो तर?"

"बसले असते," ती म्हणाली.

काका भर रस्त्यात मटकन खाली बसले. ती दोन्ही हातांनी त्यांना उठवू लागली, आणि ते तिचं मनगट धरायला धडपडत राहिले. ते हातात आलंय की नाही, हे त्यांना बघूनच कळत होतं.