हवालदाराची मिशी

जोतीरामाच्या मिशीवर जोतीरामापेक्षा त्याच्या बापाचा हक्क जास्त होता. कडेगावच्या बाजारात तात्याबा कोणालाही थांबवून सांगायचा, "माझं पोरगं मिसरात लढून आलंय. हवालदार हाय. मिशी बगितलीसा का त्येची?" समोरच्यानं बघितली नसली की तो लेकाला हाक मारायचा आणि जोतीराम बिचारा बैलाच्या बाजारात उभं केल्यासारखा उभा राहायचा.

शेहेचाळीस साली पलटण मोडली आणि तो घरी आला. ज्याला त्याला लढाईच्या गोष्टी हव्या होत्या आणि त्याला त्या सांगायच्या नव्हत्या. त्याला आठवायची ती एकच संध्याकाळ. सकाळी तीन गडी मातीआड केले होते, छावणीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जोतीरामानं अंगाला घोंगडं गुंडाळलं, मिशीवर पदर ओढला आणि नवऱ्याशी भांडणाऱ्या बाईचं सोंग काढलं. गडी पोट धरून हसले. आपल्याला हे येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. बंदूक चालवणारे पलटणीत ढिगानं होते.

म्हणून गावच्या यात्रेत यंदा फार्स बसवायचा ठरला, तेव्हा हवालदाराला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. फार्स बसवणार होते नियाज मास्तर. धंद्यानं शिंपी, पण नाटक म्हटलं की हातातली कात्री टाकून धावणारे. फार्समधली बाई एका दारातून आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर येते, नवऱ्याला एक सांगते आणि सासऱ्याला दुसरंच, आणि हे सगळं इतक्या झपाट्यानं की बघणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळू नये. एवढी वर्षं बायकांची कामं धुळा करायचा. पौराणिकात तो रडायचा फार सुरेख, पण एका दारातून दुसऱ्या दारात जाईपर्यंत माणसाची पानसुपारी खाऊन व्हायची.

मास्तरांनी देवळाच्या मंडपात तीन बाजली उभी करून तीन दारं केली आणि ज्याला बाई व्हायचंय त्यानं पळून दाखवावं, असं जाहीर केलं. जोतीराम मिशीसकट पळाला, पदर दातात धरून. पाय झकास चालले. तोंड मात्र चालेना, कारण बोलायला गेलं की पदर सुटायचा आणि आतून हवालदार डोकावायचा.

"हवालदारसाब," मास्तर म्हणाले, "पाय लय ब्येस हायती. पर ही मिशी मी लुगड्यात कुठं शिवू? धुळालाच घ्यावं लागतंय बगा."

"जरा थांबा, मास्तर. आलोच," असं म्हणून जोतीराम तडक अर्जुना न्हाव्याकडं गेला.

आता आमच्याकडं बाप गेल्याशिवाय कोणी मिशीला वस्तरा लावत नाही. हे पोरासोरांनाही ठाऊक. पण पलटणीत इतकी वर्षं काढलेल्या आणि डोक्यात नुसती तीन दारं घुमणाऱ्या माणसाला ते आठवेल तर शपथ. डोक्याला फेटा, चेहरा गंभीर, "मिशी काढ, लवकर," एवढंच बोलणं. अर्जुनानं एक शब्द विचारला नाही. काम झाल्यावर त्यानं जोतीरामाच्या खांद्यावर हात ठेवला. मिशीचं त्यालाही वाईट वाटलं, असं समजून जोतीराम निघाला.

वाटेत साळूबाई भेटली. ती गावात कोणाच्याही मयताला आधी पोचणारी. तिनं त्याचा उघडा ओठ बघितला, डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि गळा काढला. जोतीराम तोवर वळणापार गेला होता.

घरी त्याची आई अंबूबाई भाकऱ्या थापत होती. अंगणात एकदम बायका जमल्या, कोणी तिचा हात धरला, कोणी मिठी मारली. "आत्ता तर न्याहरी करून गुऱ्हाळावर गेल्यात की वं!" असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली आणि सांगता सांगता तीही पदरानं डोळे पुसू लागली. तेवढ्यात हातात ताज्या गुळाचा खडा घेऊन खुद्द तात्याबा दारात उभा.

"कोन गेलं गं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

सगळ्या बायका मागं सरल्या. शेवटी साळूबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "तुमीच की वं!"

मिशीची हकीकत कळायला तात्याबाला फार वेळ लागला नाही. गूळ तिथंच टाकून त्यानं काठी उचलली. "जित्तेपणी मारलं रं मला!" असं ओरडत तो देवळाकडं सुटला आणि दुःखाला आलेलं निम्मं गाव त्याच्या मागं.

मंडपात जोतीराम हिरवं लुगडं नेसून मधल्या दारातून बाहेर येत होता. समोर काठी घेतलेला बाप. इथं सोंग सोडलं तर पार्ट गेला आणि नाही सोडलं तर पाठ फुटणार. मास्तर बघतच होते. जोतीरामानं पदर कपाळावर ओढला, सुनेनं वाकावं तसा वाकला आणि बारीक आवाजात म्हणाला, "आवं मामंजी, एवढ्या उनातनं आलासा? बसा, पानी आनते."

तात्याबानं काठी खाली केली. परक्याच्या सुनेसमोर कसं वागावं ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. तो दोन पावलं मागं सरला आणि नजर बाजूला वळवून म्हणाला, "सुखी ऱ्हा, बाई. आमचं जोत्या कुठं हाय?"

"त्या दारामागं लपल्यात बगा."

तात्याबा त्या दारामागं गेला. बाई दुसऱ्या दारातून आली, "न्हाई वं, हिकडं!" म्हणाली आणि तिसऱ्यातून गेली. म्हातारा काठी घेऊन बाजल्यांना फेऱ्या घालत होता आणि रडून डोळे सुजलेलं गाव हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होतं. मास्तर तर खांबाला धरून उभे होते. शेवटी धावता धावता पदर निसटला आणि खाली पलटणीतलं बारीक कापलेलं डोकं दिसलं.

तात्याबा लेकाकडं बघत राहिला. मग त्यानं काठी मास्तरांच्या हातात दिली.

"मास्तर, हिला घ्या," तो म्हणाला. "सख्ख्या बापाला चकवलं हिनं. अशी चलाख सून मला घरात मिळंना झालीया."

यात्रेत फार्स असा रंगला की पाटणपर्यंत बोलबाला झाला. पण खरा बोलबाला तात्याबानंच केला. बाजारात तो आता मिशीचं नाव काढीना. माणसाला थांबवून म्हणायचा, "मी सोता पाया पडून घेतलं, आशीर्वाद दिला, तरी वळखलं न्हाई! हाय का असा कलावंत तुमच्यात?" मग दरसाल यात्रेआधी जोतीराम मिशी काढी आणि कोणी रडत येईना.

एकोणपन्नासच्या भाद्रपदात तात्याबा पाटणला लेकीकडं गेला होता. तिथंच तो आजारी पडला आणि तिथंच गेला. सगळं उरकून, मिशी उतरवून जोतीराम गावात शिरला तेव्हा मास्तर दुकानातून ओरडले, "हवालदारसाब, यात्रा अजून लांब हाय की! कंचा पार्ट?"

जोतीराम थांबला. "मास्तर, या खेपंला खरं हाय."

मास्तर मशिनीवरून उठले आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत आले.

साळूबाई आली, पण या वेळी आधी घरात डोकावली. तात्याबाची बसायची जागा रिकामी दिसली तेव्हा ती ओट्यावर टेकली आणि गेलेल्याचे गुण गात रडू लागली, "पोराला सून समजून, 'लेकी, सुखाचा संसार कर' म्हनलास रं तात्याबा..."

जोतीराम ताठ बसला होता. अशा बापाचा आपण मुलगा, याचा त्याला अभिमान वाटत होता.

"तसं न्हाई, मावशी," तो म्हणाला. "'सुखी ऱ्हा, बाई' म्हनलं हुतं तात्यानं. नजर बाजूला करून."

साळूबाईनं डोळे पुसले आणि तात्याबाचे खरे शब्द घालून रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.