दुकानात बोललेली कानडी

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी अहमदपूरहून नांदेडला न्यायचं, तेही एसटीनं. परतताना त्यांच्यात बसायचंसुद्धा त्राण नसायचं. म्हणून मला तीच गाडी हवी होती, मधली सीट मागे आडवी होणारी. तिच्यावर सगळ्या मराठवाड्याचा डोळा. जुनी मिळाली तरी नशीब. नांदेडात जुन्या गाड्यांच्या एका दुकानात एक आलीय असं कळलं, तेव्हा दवाखान्यातून आम्ही थेट तिथं गेलो.

मी हटून घासाघीस केली. टायर झिजलेत म्हटलं, क्लच जड आहे म्हटलं, दोनदा उठून दारापर्यंत गेलो. शेवटी मालकानं कॅल्क्युलेटर ओढला. "बसा हो साहेब. काका बी दमलेत. काय कमी होतंय ते बघूनच राहिलो ना." भाव उतरत उतरत माझ्या आवाक्यात यायला लागला होता.

तेवढ्यात गाडीतल्या मधल्या सीटवर पडून पाहणारे अप्पा माझ्याशी कानडीत बोलले. घरी आम्ही कानडीच बोलतो, आणि चारचौघांत गुपचूप काही ठरवायचं तरी तीच. बाहेर ती कुणाला कळत नाही अशी आमच्या अख्ख्या खानदानाची समजूत.

"बिडब्याड," अप्पा म्हणाले. सोडू नको. मागेल ते दे, मला आता बसमध्ये बसवत नाही.

मालकानं कॅल्क्युलेटर पालथा ठेवला. "मी देगलूरचा, अप्पा," तो म्हणाला, तेही कानडीत. मग माझ्याकडे वळला. "पहिला सांगितला त्योच भाव, साहेब. एक रुपया कमी न्हाई. लई गिऱ्हाईक हाय तिला."

तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते आणि कुठून येणारही नव्हते. मी त्याच्यापुढे हात जोडले. तो खाली मान घालून मोबाइल बघत बसला. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त अप्पांचा आला. हे लिहितानाही लाज वाटते. गाडीतून उतरवताना मी त्यांचा दंड जरा जोरातच धरला.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. अप्पा गजाला डोकं टेकून बसले होते. लोहा गेल्यावर त्यांना तहान लागली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एक घोट पाणी दे."

आयुष्यात पहिल्यांदा अप्पा माझ्याशी मराठीत बोलले.