मुदतवाढीची नोटशीट

जबलपुरातल्या एका विद्यापीठात दर सप्टेंबरला एक लहानसं अनुदान जाहीर होतं. त्याचं पूर्ण नाव अर्जाच्या दोन ओळी खातं, म्हणून सगळे त्याला ‘छोटी ग्रांट’ म्हणतात. अट एकच: दोन वेगळ्या विभागांनी मिळून संशोधन करायचं. रसायनशास्त्रवाले आणि समाजशास्त्रवाले एरवी एकमेकांना फक्त पार्किंगमध्ये ओळखतात. या अटीमुळे वर्षातून एकदा शेजारी बसून चहा पितात आणि विज्ञान पुढे सरकतं.

अर्जांची खिडकी सांभाळतात यशोधरा गजभिये. वडील भंडाऱ्याहून इथल्या फॅक्टरीत आले, नवरा अश्विनही फॅक्टरीतच, घर अधारतालला. समाजशास्त्रात एम.ए., प्रथम श्रेणी. संशोधन कक्षात एकोणीस वर्षं झाली, आणि या काळात त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही. पुढे जे घडलं ते त्यामुळेच कोणाला वेळेवर कळलं नाही.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर कुंकू, गुलाल, शेंदूर विकणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात. ही गोष्ट रोज शेकडो लोकांना दिसते, प्रश्न मात्र यशोधराबाईंना पडला. या रंगांत असतं काय, आणि या बाया डॉक्टरकडे काहून जात नाहीत? अर्धा प्रश्न रसायनाचा, अर्धा समाजाचा. म्हणजे नेमका छोट्या ग्रांटचा. त्यांनी तो रसायनशास्त्राच्या डॉ. श्रीरंग गर्दे सरांना सांगितला. सर म्हणाले, “वा!” हा त्यांचा त्या संशोधनातला पहिला सहभाग. दुसरा म्हणजे रंगांच्या पुड्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेणं. बाकी अकरा रविवार घाटाच्या पायऱ्यांवर बसून एकशेबारा बायकांशी यशोधराबाई बोलल्या, आणि सगळं हातानं लिहून काढलं.

लेख चांगल्या मासिकात छापून आला. त्यात गर्दे सरांचं नाव होतं, त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचं होतं. शेवटी ‘विद्यापीठ प्रशासनाचे आभार’ होते. प्रशासनात यशोधराबाई येतात हे खरं. व्हरांड्यातला पाण्याचा कूलरही येतो.

त्या लेख घेऊन सरांकडे गेल्या. “सर, माझं नाव?”

“आहे ना! प्रशासन म्हणजे तुम्हीच की, दीदी!” सर मोकळेपणी हसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, “कसं आहे, लेखकांच्या यादीत ऑफिसमधलं नाव आलं की बाहेरचे लोक काम हलकं समजतात. समजून घ्या जरा.”

“अच्छा सर,” बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: नाव घालता येईल, पण मुख्य लेखकानं स्वतःच्या सहीनं तसं लिहून द्यावं. सरांना त्यांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदा सर म्हणाले, “बघू.” दुसऱ्यांदा म्हणाले, “अहो, अजून तेच?”

त्यानंतर बाईंनी विचारणं सोडलं. अश्विनला वाटलं, विसरली. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस असाही गैरसमज करून घेऊ शकतो.

आता विद्यापीठाचा एक रिवाज सांगायला हवा. छोट्या ग्रांटची शेवटची तारीख तीस सप्टेंबर असते आणि त्या दिवशी कोणीही अर्ज देत नाही. मुदत पंधरा दिवस वाढणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, सूर्य उगवणार हे ठाऊक असतं तसं. सूर्याचं काय ते माहीत नाही, पण मुदत आपोआप वाढत नसे. दरवर्षी पंचवीस तारखेला यशोधराबाई एक नोटशीट, म्हणजे मंजुरीसाठीची टिपणी, लिहीत, ‘विविध विभागांच्या विनंतीवरून’, आणि कुलसचिवांकडे पाठवत. विनंती कोणीच केलेली नसे. नियमातही असं काही नव्हतं. तो एका बाईचा चांगुलपणा होता, आणि एकोणीस वर्षांत लोकांनी त्याला कॅलेंडर समजायला सुरुवात केली होती.

यंदा पंचवीस तारखेला त्यांनी नोटशीट लिहिली नाही. फोन केले.

वनस्पतिशास्त्राच्या दीप्तीला म्हणाल्या, “बेटा, यंदा तारखेच्या आत भरून टाक.”

“काहून, दीदी? वाढत नाही का?”

“माझी तब्येत बरी नाही राहून राहिली. नोटशीट होते का नाही, सांगता येत नाही.”

असे चौदा फोन झाले. तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत चौदा अर्ज आले. गर्दे सरांना फोन गेला नव्हता, आणि सरांना कोणी सांगितलंही नाही. याला कट म्हणता येणार नाही, कटासाठी आधी भेटावं लागतं. प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल; आणि दुसराही सांगणार नाही, याचा थोडासा आनंद प्रत्येकालाच होता. अर्जातल्या सरांच्या जोडीदारानं सांगितलं असतं, पण दुसऱ्या विभागाचं नाव सर शेवटच्या दिवशी घालत. जो समोर येईल तो.

सर आले सात ऑक्टोबरला. अर्जाचं शीर्षक होतं घाटावरच्या बायकांच्या अभ्यासाचा दुसरा टप्पा. त्याची बातमी त्यांनी आधीच पेपरात देऊन ठेवली होती.

“मुदतवाढीचा कागद दिसला नाही कुठे, दीदी?”

“निघालाच नाही, सर.”

“म्हणजे?”

“कोणी मागितलीच नाही जी.”

सर खिडकीत वाकले. आवाज खाली आला. “काहीतरी करा हो. तुम्ही मनावर घेतलं तर होतं.”

“नोटशीट मी आजच चढवते, सर. पण विनंती लेखी लागेल. आणि कारण ठोस पाहिजे. विसरलो म्हटलं तर चालत नाही.”

“मग काय लिहू?”

बाईंनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. “खरं तेच लिहा ना. आधीच्या लेखातली सगळी माहिती यशोधरा गजभिये यांनी गोळा केली, मूळ कल्पनाही त्यांचीच, त्यांचं नाव लेखकांत राहून गेलं. तीच माहिती पुढे वापरायला त्यांची लेखी संमती पाहिजे होती, त्यात वेळ गेला. हे कारण कोणी नाकारू नाही शकत, सर.”

सर कागदाकडे बघत राहिले. मग खिशातल्या पेपराच्या कात्रणाला त्यांचा हात लागला असावा. त्यांनी लिहिलं. ‘राहून गेलं’पाशी पेन थांबलं तेव्हा बाई म्हणाल्या, “उकार दुसरा, सर. आणि खाली पदनाम.”

कागदावर आवक क्रमांक पडला. एक प्रत फाइलला लागली, एक त्याच दुपारी रजिस्टर्ड पोस्टानं मासिकाला गेली. मग यशोधराबाई शब्दाला जागल्या. त्यांनी नोटशीट लिहिली, सरांची विनंती जोडली आणि खाली एक ओळ घातली: ‘अन्य सर्व चौदा अर्ज विहित मुदतीत प्राप्त.’

कुलसचिवांनी दोन दिवसांनी शेरा मारला: ‘एका अर्जासाठी मुदतवाढीचे प्रयोजन नाही.’

ते कळवणारं पत्र बाईंनीच टाइप केलं. त्यात पुढील वर्षासाठी शुभेच्छा होत्या. त्या छापील मसुद्यातच असतात.

सर पुन्हा आले, चेहरा लाल. “तुम्हाला माहीत होतं, काय शेरा येणार ते!”

“माहीत होतं, सर.”

“मी ते पत्र मागे घेतो.”

“घ्या ना. त्यासाठीही अर्ज लागतो. आधी लिहिलेलं खोटं होतं, असं लिहून द्यावं लागेल, सही करून. कागद देऊ?”

सरांनी कागद घेतला नाही.

डिसेंबरात मासिकाची दुरुस्ती छापून आली. चौथं नाव, यशोधरा गजभिये. अश्विननं ते पान दोनदा वाचलं. “झालं ना समाधान? आता सोड बापा त्या माणसाला.”

यशोधराबाई भाजी निवडत होत्या. “चौथं काहून?” त्या म्हणाल्या. “एकशेबारा बायांशी मी बोलली. पहिलं माझं पाहिजे.”

“त्यासाठी पुन्हा त्याचीच सही लागेल.”

“लागेल,” बाई म्हणाल्या. “मार्चात त्याच्या बढतीची फाइल येते आमच्याकडे.”