शेऱ्याचा रकाना

माझी मोठी जाऊ शाळेत खेळाची शिक्षिका. मुलं तिच्या माघारी तिला शिट्टीबाई म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. मैदानाच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या मुलाशी हळू, म्हणजे तिच्या मते हळू, बोलली तरी रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबून मागे बघायचा. घरातही तेच. ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. चहा झाला हे सांगायला तिला कधी जिना उतरावा लागला नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा मोठे दीर दुसऱ्या गावी कामावर होते, ते तिकडेच अडकले. माझा नवरा वीजखात्यात, त्याला रोज जावंच लागे. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघी जावाच. पहिला आठवडा बरा गेला. ताईनं (मी तिला ताईच म्हणते) कपाटं आवरली, माझी कपाटंही आवरली, मला गच्चीवर नेऊन हातपाय हलवायला लावले. मग शाळेतून निरोप आला की शिक्षकांना काम दिलंय. घरात विलगीकरणात असलेल्या चाळीस जणांना रोज फोन करायचा, तीन प्रश्न विचारायचे आणि तक्ता भरून नगरपालिकेच्या कार्यालयात पाठवायचा. ताप आहे का, खोकला आहे का, श्वास लागतो का. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

ताई खूश झाली. तिला रिकामं बसणं कधी जमलंच नव्हतं. वर आपल्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ती सकाळी नऊला सुरुवात करायची. पण झालं असं, की लोक तीन प्रश्नांची उत्तरं एका दमात देऊन टाकत आणि मग खरं बोलायला लागत. एक गृहस्थ दिवसातून पन्नास वेळा हात धूत, कातडी सोलवटली तरी थांबता येत नाही म्हणाले. एका बापाचा कॉलेजातला मुलगा दहा दिवस खोलीबाहेर आला नव्हता. एक निवृत्त कारकून म्हणाले, "मॅडम, मी जेवेपर्यंत फोन चालू ठेवाल का? बोलायची गरज नाही." ताईनं फोन चालू ठेवला. वीस मिनिटं नुसता ताट-चमच्याचा आवाज.

हे सगळं ती शेऱ्यात लिही. झोप येत नाही. रडत होत्या. भिंतीशी बोलतात. चौथ्या दिवशी कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, शेऱ्यात फक्त 'ठीक' किंवा 'ठीक नाही' लिहा. बाकीचं कॉम्प्युटर घेत नाही."

"मग या लोकांचं काय करायचं?"

"समुपदेशकांचा नंबर आहे ना, तो द्या त्यांना."

तो नंबर ताईनं आधी स्वतः लावून पाहिला. आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा. भाजी निवडून झाली, भात झाला, आम्ही जेवलो, तरी रांग होती तशीच. तरी तिनं तो नंबर सगळ्यांना दिला. दुसरं काही द्यायला तिच्याकडे नव्हतंच.

यादीत तेविसाव्या नंबरावर पडदे शिवणारी एक बाई होती. एका खोलीत राहायची. नवरा रस्त्यावर बसून चाव्या बनवायचा. त्याला रुग्णालयात नेलं होतं आणि हिच्या दाराला कागद डकवला होता. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. ती रोज एकच विचारायची, "बाई, ते कसे आहेत एवढं कळेल का? त्यांचा फोन लागत नाही. तुमची ओळख असेल."

ओळख कुठली असणार? पण ताईच्या तोंडून निघून गेलं, "बघते मी."

एकदा बघते म्हटल्यावर ताई मागे हटणारी नव्हती. चाळीस फोन संपले की ती रुग्णालयाचा चौकशीचा नंबर फिरवत बसे. चार दिवसांनी, एका मंगळवारी दुपारी, तो उचलला गेला. मी समोर कपड्यांच्या घड्या घालत होते. पलीकडच्या बाईचा आवाज थकलेला, पण ती नीट बोलली. वही चाळल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"ते काल सकाळीच गेले," ती म्हणाली. "घरच्यांना फोन केला, बंद येतोय असं लिहिलंय इथे."

"कुठला नंबर लिहिलाय?"

तिनं वाचून दाखवला. तो त्या माणसाचाच नंबर होता. त्याचा फोन त्याच्याच पिशवीत बंद पडून होता, आणि ते त्यावरच कळवत होते.

ताईनं बायकोचा नंबर दिला, दोनदा म्हणवून घेतला. लगेच साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "आपण सांगायचं नाही, मॅडम. तो अधिकार रुग्णालयाला आहे. उद्या काही चूक निघाली तर? नंबर दिलात ना, कळवतील ते."

बुधवारी सकाळी ताईनं यादी सुरू केली. बाविसाव्यापर्यंत आली आणि उठून पाणी प्यायली. मला वाटलं, आज ती हा फोन सोडून देईल. पण तिनं लावला. पहिल्याच वाक्यात कळलं की तिकडे कुणीही कळवलेलं नाही. ती बाई सांगत होती, ते घरी आले की त्यांना कॉटवर झोपवीन, मी खाली झोपेन, चालेल ना? ताई म्हणाली, "ताप आहे का?" मग खोकल्याचं विचारलं, मग श्वासाचं. फोन ठेवला आणि रकान्यात 'ठीक' लिहिलं. मी स्वयंपाकाला खाली आले. पुढचे सतरा फोन तिनं केले, पण खाली स्वयंपाकघरात मला तिचा आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तू सांगून टाक ना, ताई," मी संध्याकाळी म्हटलं.

"फोनवर? ती तिथे एकटी आहे गं. दाराबाहेर येऊ देत नाहीत तिला. सांगितल्यावर तिला धरायला कोण आहे?"

मी खाली जाऊन कणीक मळायला घेतली.

गुरुवारी अकरा वाजता तिनं सांगितलं. फार फिरवून नाही, सरळ सांगितलं. फोन टेबलावर होता, आवाज मोठा ठेवलेला. मी जवळ बसावं असं तिनंच म्हटलं होतं.

"कधी?"

"सोमवारी सकाळी."

"सोमवारी मी चादरी धुतल्या." मग तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारी," ती म्हणाली.

"म्हणजे काल तुम्हाला माहीत होतं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "आणि तुम्ही मला ताप विचारत होतात, बाई."

फोन बंद झाला. मग दोन दिवस तो बंदच. ताईनं कार्यालयाला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, कुणीतरी जाऊन दार वाजवा म्हणून विनवलं. सगळ्यांनी नाव लिहून घेतलं. शनिवारी ती स्वतः चपला घालून निघाली. पाऊण तासाची वाट होती. अर्ध्या तासात परत आली. पुलापाशी बांबू आडवे लावले होते आणि तिथल्या पोलिसानं तिला परत पाठवलं होतं. "चांगला होता बिचारा," ताई म्हणाली. "म्हणाला, मावशी, मी सोडलं तर माझ्यावर येईल." पायरीवर बसून तिनं चपला काढल्या आणि बसूनच राहिली.

रविवारी फोन उचलला गेला. "आहे मी," ती बाई म्हणाली. "लिहा तुमच्या तक्त्यात." एवढंच.

चौदा दिवस संपल्यावर तेविसावं नाव यादीतून गेलं, तिथे दुसरं आलं. ताई तरी रोज तिला फोन करायची. कधी ती उचले, कधी नाही. उचलला तरी बोलत नसे. फोन बाजूला ठेवून शिवणाचं मशीन चालवत राही. ताई तो आवाज ऐकत बसायची. मी एकदा म्हटलं, हे दोघींनाही बरं नाही. ती म्हणाली, "मशीन चालू आहे ना, मग जेवत असेल." पावसाळ्याच्या अखेरीस तो नंबर एका अनोळखी माणसानं उचलला. त्यानं हे सिमकार्ड नुकतंच घेतलं होतं. शिवणारी बाई वगैरे त्याला काही ठाऊक नव्हतं. ताईनं सॉरी म्हणून फोन ठेवला.

शाळा सुरू झाली तेव्हा मुलं मैदानात आली आणि ताई त्यांच्यापुढे उभी राहिली. रांगा लावा म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. घशाच्या डॉक्टरांनी घसा तपासला. घशाला काही झालेलं नव्हतं. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे आम्हाला सात आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. बाहेरच्या बाकड्यांवर इतकी माणसं होती की काही जिन्यात बसली होती, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. मोठे दीर बदली घेऊन परत आले. ताई आता ग्रंथालयात काम करते, पुस्तकांना नंबर घालते. बोलते, पण समोर बसलेल्यालाच ऐकू येईल इतपत. फोन वाजला की दुसऱ्या कुणालातरी उचलायला लावते.

मध्यंतरी त्या पुलापलीकडे मी दोनदा जाऊन आले. चाव्यावाल्याची बायको कुठे राहायची म्हणून विचारलं. एका दुकानदारानं खोली दाखवली; तिथे दुसरं बिऱ्हाड होतं. कुणी म्हणालं ती भावाकडे गेली, कुणी म्हणालं तिला भाऊच नव्हता. हे मी ताईला सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, ते मला अजून कळत नाही. संध्याकाळी मी चहा घेऊन वर जाते आणि तिच्याजवळ बसते. ती कप रिकामा करते, आणि मी तो घेऊन खाली येते.